बेस ऐकू येतो, तो नेमका कुठून?

गणपतीच्या मिरवणुकीत डॉल्बीच्या भिंतीसमोरून गेलेल्या कोल्हापूरकराला बेस म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. तो कानाआधी छातीत वाजतो. तेच गाणं घरी येऊन मोबाईलवर लावलं की पहिला प्रश्न पडतो: बेस गेला कुठे? आणि शांतपणे ऐकलं की त्याहून अवघड दुसरा प्रश्न पडतो. मोबाईलच्या इवल्याशा स्पीकरला एवढा खालचा सूर काढताच येत नाही. मग बेस गिटारची चाल आपल्याला तरीही ओळखू कशी येते?

गिटार शिकणारी मुलं हा प्रश्न हमखास विचारतात. त्याचं उत्तर हाती आलं की बेस गिटार कशी बनते, ती ध्वनिमुद्रित कशी करतात आणि जुन्या रॉक गाण्यांतला बेस एकमेकांहून इतका वेगळा का वाटतो, हे सगळं एकाच धाग्याने उलगडतं. हे उत्तर आपल्या परिसरात, मिरजेच्या तानपुऱ्यात, फार पूर्वीपासून वाजतं आहे.

१. खाली म्हणजे किती खाली?

तार एका सेकंदात जितक्या वेळा थरथरते तो आकडा हर्ट्झमध्ये सांगतात. आकडा लहान, तर सूर खालचा. काळी एक पट्टीत गाणाऱ्या पुरुष गायकाचा मध्य षड्ज साधारण १३९ हर्ट्झचा असतो आणि त्याच्या तानपुऱ्यातली खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, म्हणजे ६९ हर्ट्झच्या आसपास बोलते. बेस गिटारच्या चार मोकळ्या तारा ४१, ५५, ७३ आणि ९८ हर्ट्झच्या. त्यांची पाश्चात्त्य नावं ई, ए, डी आणि जी. म्हणजे तिच्या जाड दोन तारा तानपुऱ्याच्या खर्जाच्याही खाली उतरतात.

इतका खालचा सूर हवेत उभा करणं सोपं नाही. सूर निम्म्यावर आणला आणि आवाज तेवढाच मोठा ठेवायचा असेल, तर स्पीकरच्या पडद्याला चौपट मागेपुढे हलावं लागतं. ४०० हर्ट्झच्या सुरासाठी पडदा मिलिमीटरचा दहावा भाग हलत असेल, तर ४१ हर्ट्झला त्याला जवळजवळ एक सेंटिमीटर हलावं लागेल. मोबाईलची जाडीच तेवढी नसते. म्हणून डॉल्बीवाले मोठ्या पडद्याच्या स्पीकरची भिंत उभी करतात. मोबाईल मात्र तो तळाचा सूर सोडूनच देतो.

२. एका तारेत अनेक सूर

छेडलेली तार एकाच पद्धतीने हलत नाही. ती अखंड हलते, त्याच वेळी दोन भागांत हलते, तीन भागांत, चार भागांत, पाच भागांतही हलते. अखंड हलण्यातून येतो तो मूलस्वर. बाकीच्या हालचालींतून येतात ते उपस्वर. त्यांचं गणित सरळ आहे: मूलस्वराची दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट.

बेसची सर्वांत जाड तार घेऊ. मूलस्वर ४१.२ हर्ट्झ. त्यावर ८२.४, १२३.६, १६४.८, २०६ असे उपस्वर चढत जातात. मूलस्वराला षड्ज मानलं तर दुसरा म्हणजे वरचा षड्ज, तिसरा पंचम, चौथा आणखी वरचा षड्ज आणि पाचवा गंधार. चांगल्या जुळलेल्या तानपुऱ्यात कोणी न छेडलेला गंधार ऐकू येतो, ज्याला गायक स्वयंभू गंधार म्हणतात, तो खर्जाच्या तारेचा हाच पाचवा उपस्वर.

३. नसलेला सूर कसा ऐकू येतो?

ओल्या शेतातून कोणी चालत गेलं आणि सुरुवातीचे काही ठसे पुसले गेले, तरी पुढच्या ठशांमधलं अंतर पाहून त्या माणसाचं पाऊल केवढं होतं हे कळतंच. आपला मेंदू सुरांच्या बाबतीत हेच करतो. मोबाईलमधून ४१ आणि ८२ पुसले जातात. पण २०६, २४७, २८८, ३३० हे उपस्वर येतात. प्रत्येक दोघांमधलं अंतर ४१ हर्ट्झचं. मेंदू त्या अंतरावरून मूळ सूर ठरवतो आणि ४१ चा सूर ऐकल्याचा अनुभव आपल्याला देतो. छातीत काही धडधडत नाही, पण चाल बरोबर ओळखू येते.

मोबाईलच्या कोड्याचं उत्तर हे. बेस गिटार बनवणारा, वाजवणारा आणि रेकॉर्ड करणारा, तिघांच्याही कामाचा मोठा भाग मूलस्वराच्या वर चालतो. कोणते उपस्वर राखायचे आणि कोणते दाबायचे, यावरच त्यांची कारागिरी ठरते.

४. पाचगणीतलं चहाचं खोकं

बेस बनवायला किती कमी सामान लागतं याचं एक उदाहरण सातारा जिल्ह्यातलं आहे. पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत १९५८ च्या सुमारास पाच मुलांनी ‘द हेक्टिक्स’ नावाचा बँड काढला. पियानोवर होता फारूख बलसारा, ज्याला जग पुढे क्वीन बँडचा फ्रेडी मर्क्युरी म्हणून ओळखू लागलं. गिटारवर डेरिक ब्रांच, गाण्याला ब्रूस मरे, ड्रमवर व्हिक्टरी राणा आणि बेसवर फरंग इराणी. एल्व्हिस प्रेस्ली, लिटल रिचर्ड, क्लिफ रिचर्ड यांची गाणी ते वाजवायचे. फरंगचा बेस चहाच्या खोक्याचा होता. ब्रिटनमध्ये त्या काळी पोरं अशी वाद्यं घरोघरी बनवत होती: उपडं खोकं, त्यावर उभी काठी आणि खोक्याच्या मध्यापासून काठीच्या टोकापर्यंत ताणलेली एक दोरी. काठी मागे ओढली की ताण वाढतो आणि सूर चढतो.

तारेचे तीनही नियम या खोक्यात आहेत. लांबी दुप्पट केली तर सूर निम्म्यावर येतो. ताण चौपट केला तर सूर दुप्पट होतो. तारेचं दर मीटरचं वजन चौपट केलं तर सूर निम्म्यावर येतो. दोरी एकटी हवा ढकलू शकत नाही, म्हणून ती खोक्याच्या पातळ फळीला हलवते आणि फळी हवेला.

आता हेच नियम गिटारला लावू. साध्या गिटारची जाड तार ८२ हर्ट्झची, लांबी सुमारे ६४८ मिलिमीटर. त्याच तारेतून त्याच ताणावर ४१ हर्ट्झ हवे असतील तर लांबी १२९६ मिलिमीटर करावी लागेल. मग डावा हात टोकापर्यंत पोचायचा नाही. म्हणून बेस गिटारमध्ये लांबी थोडीच वाढवतात आणि बाकीचं काम तारेच्या वजनावर सोपवतात. मध्ये पोलादाची बारीक तार आणि तिच्याभोवती गुंडाळलेली दुसरी तार. अखंड जाड सळई लावली तर ती ताठ होते आणि तिचे उपस्वर दुप्पट-तिप्पटीच्या हिशोबातून सरकतात. गुंडाळलेली तार जड असूनही लवचीक राहते, म्हणून तिचे उपस्वर ठिकाणावर राहतात.

५. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याचं वाद्य

माणसाच्या उंचीचा डबल बेस वाहून नेणं कठीण आणि ड्रम-ट्रम्पेटच्या गलक्यात तो ऐकूही येत नसे. सिएटलच्या पॉल टटमार्क यांनी १९३० च्या दशकात आडवी धरायची विजेवरची बेस बनवली होती, पण ती फारशी पसरली नाही. १९५१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या लिओ फेंडर यांनी प्रिसिजन बेस बाजारात आणली आणि चित्र पालटलं. फेंडर मुळात रेडिओ दुरुस्तीचं दुकान चालवणारे. त्यांनी तारेची लांबी ३४ इंच, म्हणजे सुमारे ८६४ मिलिमीटर ठेवली. तीच आजही सर्वांत रुळलेली लांबी आहे.

हे माप घेऊन दांडीवरचे पडदे, म्हणजे फ्रेट, कुठे बसवायचे ते काढू. नियम असा: जेवढी तार उरली तिला १७.८१७ ने भागायचं. येईल तेवढ्या अंतरावर पुढचा पडदा. ८६४ भागिले १७.८१७ म्हणजे ४८.५; पहिला पडदा तिथे. उरले ८१५.५, त्याला भागलं की ४५.८; म्हणजे दुसरा पडदा सुरुवातीपासून ९४.३ मिलिमीटरवर. असं करत बारावा पडदा बरोबर मध्यावर, ४३२ वर येतो. आला नाही तर कुठेतरी चूक आहे. मोजताना प्रत्येक पडदा तारेच्या वरच्या टोकापासूनच मोजावा. आधीच्या पडद्यापासून मोजत गेलं की बारीक चुका साठत जातात. शिवाय पडद्यावर दाबताना तार किंचित ताणली जाऊन सूर चढतो. त्याची भरपाई म्हणून घोडी, म्हणजे ब्रिज, गणितातल्या जागेपेक्षा काही मिलिमीटर मागे घेतात.

चार तारांचा मिळून ओढा ७० ते ८० किलोच्या आसपास असतो. तो सतत दांडीला वाकवत असतो, म्हणून दांडीच्या पोटात पोलादी सळई घालून तिचा बाक पेचाने जुळवतात. पडद्यांखालच्या पट्टीसाठी जगभरचे कारागीर ज्या लाकडाला पसंती देतात, त्यांत सह्याद्रीत वाढणारं आपलं शिसवही आहे.

आवाज टिपण्याचं काम पिकअपचं. लोहचुंबक आणि त्याभोवती बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे, एवढंच ते यंत्र. पोलादी तार हलली की चुंबकाचं क्षेत्र हलतं आणि वेढ्यांत वीज निर्माण होते. पिकअप कुठे बसवला यावर वाद्याचा स्वभाव बदलतो. पाच भागांत हलणाऱ्या तारेवर चार जागा स्थिर असतात. त्यांतली घोडीजवळची जागा ८६४ च्या पाचव्या भागावर, म्हणजे १७३ मिलिमीटरवर येते. पिकअप नेमका तिथे बसवला तर मोकळ्या तारेचा गंधार त्याला जवळजवळ दिसतच नाही. दांडीकडे सरकवला की मूलस्वर भरून येतो. घोडीकडे सरकवला की वरचे उपस्वर धारदार होतात.

६. मिरजेची जवारी

जिथे स्थिर बिंदू तिथे तो उपस्वर नाही, हा नियम छेडण्यालाही लागू आहे. तारेच्या पाचव्या भागावर बोट मारलं तर पाचवा उपस्वर जागा होऊ नये. इंग्रज शास्त्रज्ञ थॉमस यंग यांच्या नावाने हा नियम ओळखला जातो. पण चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ मध्ये भारतीय तंतुवाद्यांवर लिहिताना दाखवलं की तानपुरा हा नियम पाळत नाही. तार स्थिर बिंदूवर छेडली तरी तो उपस्वर ठळकपणे ऐकू येतो.

कारण घोडीत आहे. बहुतेक तंतुवाद्यांत तार एका धारेवर टेकते. तानपुऱ्याच्या घोडीची पाठ रुंद आणि किंचित उतरती असते. हलणारी तार त्या पाठीला क्षणोक्षणी शिवते आणि सुटते. या चाटण्यातून वरचे उपस्वर पुन्हा पुन्हा जन्म घेतात. घोडी घासून तो उतार साधणं म्हणजे जवारी काढणं. तारेखालचा बारीक दोरा सरकवून ती जवारी अचूक जागी आणतात.

हे काम कोल्हापूरपासून सुमारे ५० किलोमीटरवरच्या मिरजेत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून चालतं. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातल्या फरीदसाहेबांपासून ही परंपरा सांगितली जाते. सोलापूर जिल्ह्यातले भोपळे, तुणीचं लाकूड आणि पिढ्यांनी घडवलेला कान यांतून तिथली वाद्यं बनतात. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं.

बेस गिटारच्या जगात याच्या जवळ जाणारी गोष्ट अमेरिकेच्या जाको पास्टोरियसने केली. त्याच्या १९६२ सालच्या फेंडर जॅझ बेसचे पडदे काढलेले होते. पडद्यांच्या खाचा भरून पट्टीवर कठीण इपॉक्सीचा थर दिला होता. पडदा नसल्यामुळे दाबलेली तार बोटापुढे लाकडाला अगदी लहान कोनात टेकते आणि हलताना त्या कठीण पृष्ठाला चाटत राहते. १९७६ च्या त्याच्या पहिल्या अल्बममधला गाणारा, रेंगाळणारा सूर याच चाटण्यातून आला. तानपुऱ्यात हे घोडीच्या टोकाला घडतं, पडदे नसलेल्या बेसमध्ये बोटाच्या टोकाला.

७. तबकडीत बेस मावतो कसा?

१९२५ पर्यंत ध्वनिमुद्रण कर्ण्यातून व्हायचं. गाणारा कर्ण्यात गायचा आणि हवेच्या दाबाने सुई मेणावर खाच कोरायची. तळाचे सूर त्यात जवळजवळ येतच नसत. म्हणून पाश्चात्त्य वाद्यवृंदांत डबल बेसऐवजी जोरकस आवाजाचा ट्यूबा बसवायचे. मायक्रोफोन आल्यावर खालचे सूर टिपता येऊ लागले. कोल्हापुरात प्रभात कंपनीने १९३२ चा ‘अयोध्येचा राजा’ बोलका केला, तेव्हा ध्वनिमुद्रणाची धुरा विष्णुपंत दामल्यांकडे होती. त्या काळच्या चित्रपटगृहांतले स्पीकर तळाचे सूर जेमतेमच पोचवायचे. डग्ग्याच्या घुमाऱ्यातलं बाकीचं श्रोत्यांच्या मेंदूने भरून घेतलं.

तबकडीची अडचण वेगळी. खालच्या सुराला खाच रुंद नागमोडी कोरावी लागते. ती शेजारच्या खाचेत घुसते किंवा सुई उडवते. १९५४ मध्ये रुळलेल्या प्रमाणानुसार कोरतानाच बेस लहान करतात आणि वाजवताना तेवढाच वाढवतात. ५० हर्ट्झचा सूर १००० हर्ट्झच्या तुलनेत सुमारे सातपट लहान कोरला जातो. तरीही कंपन्या सुई उडण्याच्या भीतीने बेस दाबूनच ठेवत. १९६६ मध्ये बीटल्सच्या ‘पेपरबॅक रायटर’साठी ध्वनिमुद्रक जेफ एमरिक यांनी एक स्पीकर उलट जोडून त्याचाच मायक्रोफोन केला आणि पॉल मॅकार्टनीच्या बेससमोर ठेवला. मोठा पडदा खालच्या सुरांना चांगला हलतो, म्हणून बेस भरदार आला.

त्याच सुमारास दोन वादक उपस्वरांबाबत अगदी उलट निर्णय घेत होते. डेट्रॉईटच्या मोटाउनमधला जेम्स जेमर्सन गुळगुळीत पट्टीच्या, जुन्या झालेल्या तारा वापरायचा आणि घोडीपाशी तारांना फोमचा तुकडा लागलेला असायचा. उपस्वर लवकर विझायचे आणि गोल, ठोकदार सूर उरायचा. बेस बहुतेक वेळा थेट ध्वनिमुद्रणाच्या यंत्रणेला जोडलेली. इंग्लंडच्या द हू बँडचा जॉन एंटविसल मात्र रोटोसाउंड कंपनीबरोबर बसून गोल वेढ्यांच्या झणझणीत तारा घडवून घेत होता. १९६५ च्या ‘माय जनरेशन’मध्ये त्याची बेस मुख्य गिटारसारखी पुढे येऊन बोलते. हिंदी चित्रपटसंगीतात राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदात टोनी वाझ यांच्या बेसने अशीच जागा मिळवली. जुनी गाणी ऐकताना इथे उपस्वर राखले आहेत की विझवले आहेत, एवढा एकच प्रश्न विचारत जावा. एकाच मापाची वाद्यं किती वेगळी माणसं होऊन बोलतात ते लगेच कळतं.

८. दहा बाय बाराच्या खोलीत

घरी रेकॉर्ड करणाऱ्याला सर्वांत जास्त फसवते ती खोली. समोरासमोरच्या दोन भिंतींत एक सूर अडकून घुमतो. तो काढायचा तर आवाजाचा वेग, म्हणजे सेकंदाला ३४३ मीटर, खोलीच्या लांबीच्या दुपटीने भागायचा. १२ फूट म्हणजे ३.६६ मीटर, उत्तर ४७ हर्ट्झ. १० फूट म्हणजे ३.०५ मीटर, उत्तर ५६ हर्ट्झ. बेसची मोकळी ए तार ५५ हर्ट्झची आणि जाड तारेचा दुसरा पडदा ४६ हर्ट्झचा. म्हणजे या खोलीत नेमके हे दोन सूर गरजेपेक्षा मोठे ऐकू येतील आणि वादकाला वाटेल की वाद्यातच दोष आहे.

म्हणून बेस थेट वायरने रेकॉर्ड करावी. खोली मध्ये येत नाही. ऐकायला बसताना कोपरा टाळावा, तिथे बेस फुगतो. खोलीचा बरोबर मध्यही टाळावा, तिथे हे सूर गायब होतात. एका भिंतीपासून साधारण एकतृतीयांश अंतरावर बसावं. आणि शेवटी गाणं मोबाईलवर लावून पाहावं. तिथे बेसची चाल ऐकू येत नसेल तर आवाज वाढवून उपयोग नाही, कारण तो स्पीकर तळाचा सूर काढणारच नाही. त्याऐवजी बेसला किंचित फाटलेपणा, म्हणजे डिस्टॉर्शन, देऊन वरचे उपस्वर वाढवावेत. मेंदूला अंतर मोजायला ठसे मिळाले की तो बाकीचं काम करतो.

९. कोल्हापुरात बेस बनवायची तर

वाद्य स्वतः बनवणं हा श्रीमंतांचा छंद नाही. क्वीनच्या ब्रायन मेने १९६३ पासून वडिलांबरोबर बनवलेल्या गिटारची दांडी जुन्या शेकोटीच्या चौकटीच्या लाकडाची आहे. तिच्यात मोटारसायकलच्या स्प्रिंगा आहेत. त्याच बँडचा बेसवादक जॉन डीकन इलेक्ट्रॉनिक्स शिकलेला. रस्त्यावरच्या कचऱ्यात सापडलेल्या सर्किटमधून त्याने बनवलेला छोटा अँप्लिफायर बँडच्या रेकॉर्डिंगमध्ये वापरला गेला. १९८० च्या ‘अनदर वन बाइट्स द डस्ट’ची बेसची चाल त्याचीच.

कोल्हापूरला असं सामान आणि हात नवे नाहीत. बाबूराव पेंटरांनी शंभर वर्षांपूर्वी इथे सिनेमाचा कॅमेरा बनवला. शिवाजी उद्यमनगरात लेथ आहेत, शिरोली आणि गोकुळ शिरगावात ओतकाम आहे. पितळेची घोडी, खुंट्यांचे भाग, दांडीतली सळई यांत तिथल्या कारागिराला अवघड असं काही नाही. वाळलेलं शिसव आणि सागवान मिळतं. पडद्यांचं गणित वर दिलंच आहे.

यंत्रावर जे होत नाही ते शिकायला मात्र मिरजेला जावं. घोडीची पाठ किती घासायची, तार किती चाटू द्यायची, कुठे थांबायचं, हे तिथले सतारमेकर कानाने ठरवतात. त्या कानाला बेस गिटार परकी वाटण्याचं कारण नाही. त्यांनी आयुष्यभर खर्जाच्या तारेतून गंधार काढला आहे. रुंद पाठीची, जवारी काढलेली घोडी बसवलेली एक बेस कोल्हापूरच्या लेथवर आणि मिरजेच्या कानसेवर मिळून बनू शकते. रामन यांनी तिचं शास्त्र १९२१ मध्येच लिहून ठेवलं. एखाद्या तरुण वादकाने आणि एखाद्या सतारमेकराने एकत्र बसून ती करून पाहिली, तर तिचा सूर डॉल्बीवर छातीत बसेल आणि मोबाईलवर कानात राहील.